काही जॉर्जेट, १४ नग

आम्ही दोघी जावा. एक उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, दुसरी घर सांभाळून शिवणकाम करते. घर मिरजेत, एकत्र. २०२० च्या टाळेबंदीत शिवणकाम थांबले तेव्हा घरात पडून असलेल्या स्कार्फचे आणि ओढण्यांचे फोटो काढून आम्ही ओळखीच्या बायकांना मोबाइलवर पाठवले. ते विकले गेले. मग मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडून थोडा माल मागवला, तोही गेला. दोन वर्षांत आमचे ऑनलाइन दुकान झाले. दुकान म्हणजे माजघरातले लोखंडी कपाट, एक फळी, एक वही आणि मुलाच्या जुन्या लॅपटॉपवरचा एक्सेलचा तक्ता.

मदतीला आमच्याच गल्लीतली एक मुलगी येऊ लागली. बी.कॉम.ला होती, आमच्या शाळेचीच जुनी विद्यार्थिनी. पाकिटे भरणे, पत्ते चिकटवणे, फोटो चढवणे ही तिची कामे. वहीत मात्र तिघीही लिहायचो, आणि जिच्या हातात पेन ती आपल्या मनाने मालाला नाव द्यायची.

इथे रंगांविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमच्या घरात रंगांना दोन भाषांची नावे आहेत. अम्मींच्या तोंडी फालसई, उन्नाबी, सुर्मई, प्याजी, काही. शेजारच्या काकूंकडून आलेले आमसुली, अबोली, मोरपंखी, डाळिंबी. आणि मुली म्हणतात पर्पल, मरून, पीच. एकच स्कार्फ एकीला फालसई वाटतो, दुसरीला वांगी, तिसरीला पर्पल, आणि तिघीही खऱ्या असतात. वर्गात हे शिकवताना किती गंमत येते! भाषा श्रीमंत आहे असे आम्ही मुलांना सांगतो. पण वहीत हीच श्रीमंती अंगाशी आली.

गेल्या वर्षी शाबानमध्ये, रमजानच्या विक्रीआधी, आम्ही सगळा माल मोजायला घेतला. रंगवार मोजणे शक्यच नव्हते, कारण वहीतली नावे आणि कपाटातले गठ्ठे यांचा मेळ बसेना. म्हणून एकूण नग मोजले. वही म्हणत होती २१२, कपाटात निघाले १९८. पुन्हा मोजले. १९८.

१४ स्कार्फ कमी. आमच्यासारख्यांना ही रक्कम लहान नव्हती.

आमच्यापैकी कोण आधी काय बोलली ते लिहीत नाही. बोलणे मुळी झालेच नाही, एकमेकींकडे नुसते पाहिले, आणि तेवढ्याने ठरून गेले. कपाटाची किल्ली आम्हा दोघींशिवाय तिच्याच हातात असायची. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा आम्ही म्हणालो, ‘‘बेटी, सध्या काम कमी आहे. थोडे दिवस येऊ नकोस.’’ काम कमी नव्हते. फळीवर पाकिटांचा ढीग तिला समोरच दिसत होता. तिने किल्ली फळीवर ठेवली, सलाम केला आणि गेली. तोंडावर आरोप केला नाही म्हणून आम्ही मनाची समजूत घालत होतो. पण मुलगी हुशार होती, तिला न सांगताही सगळे कळले असणार.

आठ दिवसांनी व्यापाऱ्याचा फोन आला, रमजानच्या आत हिशेब मिटवा म्हणून. रात्री इशाची नमाज झाल्यावर आम्ही बिले काढून बसलो. एका बिलात जॉर्जेटचे ६ रंग होते, प्रत्येकी १४ नग, एकूण ८४. वहीत त्याच मालाच्या ७ ओळी होत्या. सातवी कुठून आली? एका ओळीत लिहिले होते ‘काही जॉर्जेट, १४’. चार पाने पुढे, दुसऱ्या हस्ताक्षरात, ‘मेहंदी जॉर्जेट, १४’.

काही म्हणजे गर्द हिरवा, शेवाळासारखा. उर्दूत हा रंग आहे. पण मराठीत वाचणाऱ्याला त्या ओळीचा अर्थ ‘थोडेफार जॉर्जेट, १४ नग’ असाच लागणार! ती नोंद उर्दू-मराठी शिकवणाऱ्या बाईंनीच देवनागरीत केली होती. फोटो चढवताना दुसरीला तो हिरवा गठ्ठा वहीत सापडला नाही, म्हणून तिने तोच माल मेहंदी या नावाने पुन्हा चढवला. एक गठ्ठा, दोन जन्म. कपाटातून एकही स्कार्फ गेला नव्हता.

त्या रात्री झोप लागली नाही. बिले आमच्याच डब्यात होती. ती आधी काढायची सोडून आम्ही माणसाकडे आधी पाहिले होते.

सकाळी शाळेच्या आधी दोघी तिच्या घरी गेलो. तिच्या आईने चहा ठेवला. चहा निवेपर्यंत आम्हाला बोलता येईना. शेवटी सगळे जसे घडले तसे सांगितले आणि माफी मागितली. मुलगी खाली बघत होती. मग म्हणाली, ‘‘टीचर, मी तेव्हाच विचारलं होतं, ‘काही जॉर्जेट’ म्हणजे कोणतं? तुम्ही म्हणालात, शाळेतून आल्यावर बघू.’’ विचारले होते. आम्ही बघितले नव्हते.

ती १५ दिवस आली नाही. रमजानची पहिली गर्दी आम्ही दोघींनीच ओढली. मग एका दुपारी वही घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘येते, पण आधी प्रत्येक वस्तूला कोड द्यायचा. नाव वहीत लिहायचंच नाही.’’

टीचरबाईंच्या डोक्यात आधी अबजद आले. अलिफचा १, बेचा २, जीमचा ३, दालचा ४. जुने लोक यातून इमारतींच्या तारखा बांधत. मुलीने ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘हे तुम्ही सोडून वाचणार कोण?’’ विषय संपला.

त्यापेक्षा पिनकोड बरा, तो आम्ही वर्गात शिकवतो. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला, श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून. एकाच नावाची कितीतरी गावे, नावे लिहिण्याच्या नाना तऱ्हा, वेगवेगळ्या लिप्या. टपाल भलतीकडे जाई. म्हणून आकडे आले. आमच्या ४१६४१० मध्ये पहिला ४ मोठा विभाग सांगतो, पहिले तीन आकडे मिळून टपालाचा जिल्हा, शेवटचे तीन नेमके टपाल कार्यालय. मोठ्याकडून लहानाकडे. आम्हीही तसेच केले: आधी वस्तूची दोन इंग्रजी अक्षरे, मग कापडाची दोन, मग नक्षीचा तीन आकडी क्रमांक, शेवटी रंग.

रंगालाही आधी अक्षरेच दिली होती. मरूनला एम-ए-आर, आणि त्याची पाचवी छटा म्हणून पुढे ५. एका तक्त्यात रंगाचा रकाना वेगळा होता. तिथे ते टाइप केले आणि एक्सेलने त्याचा ५ मार्च करून टाकला! नुसते ००७ लिहिले तर आधीची शून्ये गिळून ७ ठेवतो. रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा असतो, हे आम्हाला तिने शिकवले. इंग्रजी ओ आणि आय ही अक्षरे तर वर्ज्यच केली, शून्य आणि एक यांच्याशी घोळ होतो. मग रंगाला आकडे दिले, ११ पासून पुढे. एका पुठ्ठ्यावर प्रत्येक रंगाच्या कापडाची चिंधी चिकटवून खाली आकडा लिहिला. नवा माल आला की उजेडात पुठ्ठ्याशी लावून बघायचा. जुळला तर तोच आकडा, नाही तर नवी चिंधी.

किंमत आणि व्यापाऱ्याचे नाव कोडात घ्यावे असे आम्हाला वाटत होते. तिने नाही म्हटले. दोन्ही बदलतात, आणि कोड बदलला की जुन्या नोंदी मुक्या होतात. माल संपला तरी त्याचा कोड दुसऱ्याला द्यायचा नाही, हाही तिचाच नियम. आणि नवा कोड एकच जण तयार करणार. तो मान तिचा.

गिऱ्हाइकाला मात्र नावेच लागतात. म्हणून फोटोखाली सगळी लिहितो: मेहंदी, गर्द हिरवा, आणि अम्मींच्या हट्टाने काहीसुद्धा. मागच्या महिन्यात नांदेडच्या एका बाईंनी विचारले, ‘‘काही रंग म्हणजे कोणकोणते रंग?’’

पुठ्ठ्यावरची पहिली चिंधी त्याच कापडाची आहे, क्रमांक ११. तिने मुद्दाम तीच पहिली लावली. शेवटचा नग या ईदला गेला. वहीत त्या कोडापुढे तिने शिल्लक शून्य लिहिले आणि लाल पेनाने खाली रेघ ओढली. किल्ली आता तिच्याकडेच असते.