गुण्यात

आमच्या कंपनीत चार आईबाप एकत्र आले की सेमी-इंग्लिशचा विषय हटकून निघतो. माझं मत विचाराल तर कोनांपुरतं तरी मराठीच बरं. अ‍ॅक्यूट आणि ऑब्ट्यूज पाचवीतल्या पोराने नुसतं घोकायचं. लघुकोन, काटकोन, विशालकोन म्हटलं की निदान काहीतरी डोळ्यासमोर येतं. 90 अंशांचा काटकोन, त्याहून कमी तो लघुकोन, 90 च्या पुढे पण 180 च्या आत तो विशालकोन. बरोबर 180 झाला की सरळ कोन, आणि त्यापुढे 360 च्या आत प्रविशालकोन (हे नाव ठेवणाऱ्याला मात्र दंडवत!).

पण या 'लघु'मध्येही एक गोची आहे. उरवडेला चुलतभावाने घर बांधायला काढलंय, त्यामुळे हल्ली माझे बरेचसे शनिवार पिरंगुटहून आत जाणाऱ्या रस्त्यावर जातात. पुतण्या पाचवीत आहे. 'गणित कच्चं' असं घरचे त्याच्या तोंडावर म्हणतात, आणि आता तर तो स्वतःच तसं सांगायला लागलाय. ते मला फार लागलं. त्याला दोन कोन काढून दिले. एक 40 अंशांचा, लांबलचक भुजांचा. दुसरा 70 चा, भुजा जेमतेम बोटभर. मोठा कुठला? पठ्ठ्याने बिनधास्त पहिल्यावर बोट ठेवलं. जास्त जागा खातो म्हणून!

आता कोन म्हणजे एका भुजेपासून दुसरीपर्यंतचं वळण, भुजा कितीही लांबवा, वळण तेवढंच राहतं, हे तोंडी सांगून कुणाला पटलंय?

बाहेर पायाची आखणी चालली होती. मिस्त्रींच्या पिशवीत लोखंडी गुण्या होता. कंपासपेटीतल्या त्रिकोणी पट्ट्यांनाही आपण गुण्याच म्हणतो, हे पुतण्याच्या गावीही नव्हतं. (फारसीत गुनिया, आणि ग्रीकमध्ये गोनिया म्हणजे चक्क कोन. असो.) पण एवढ्या मोठ्या आखणीला हातभर गुण्या पुरत नाही. तिथे दोरी लागते. कोपऱ्याच्या खुंटीपासून एका बाजूला 6 फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला 8 फुटांवर, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर 10 फूट आलं तर कोपरा गुण्यात. शाळेत पायथागोरसच्या नावाने शिकतो तेच. शुल्बसूत्रांतही यज्ञवेदीच्या आखणीसाठी आयताच्या कर्णाचा हाच नियम आहे.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते असं की 10 पेक्षा कमी आलं तर लघुकोन, जास्त आलं तर विशालकोन. कोनमापक लागतच नाही! टेपचं दुसरं टोक पुतण्याकडे दिलं. 10 फूट 2 इंच.

"विशाल झाला, काका!"

"मग मिस्त्रीकाकांना सांग, खुंटी कुठे सरकवायची ते."

थोडा विचार करून त्याने आतली बाजू दाखवली. मिस्त्रींनी काही न बोलता दोरी ओढून खुंटी तिकडे ठोकली. दोन इंच म्हणजे साधारण 2 अंश. ऐकायला किरकोळ वाटतं, पण 30 फुटांच्या भिंतीच्या टोकाला तोच फरक फूटभराचा होतो. कोन तोच, फक्त भुजा लांबली! मघाशी जे सांगून पटत नव्हतं ते त्याला फक्कीच्या रेघेवर उभं राहून दिसलं. कोपरा असाच राहिला असता तर भिंत तर उभी राहिली असती, पण फरशी बसवताना कडेला पाचरीसारखे तुकडे कापत बसावं लागलं असतं.

मग उरलेले तीनही कोपरे त्यानेच मोजले. एक लघु निघाला.

परवा रात्री फोन. "काका, साडेतीनला घड्याळात काटकोन होतो का?" म्हटलं, तूच सांग. बराच वेळ गेला. "नाही. तासकाटा तीनच्या पुढे गेलेला असतो. लघु." बरोबर, 75 अंश. मग साडेनऊला, असं मी विचारेपर्यंत त्याने फोन आईकडे दिला होता.

वहिनी म्हणाल्या, "अभ्यास सोडून घड्याळाकडे बघत बसलाय मघापासून."

म्हटलं, बसू द्या.