कैवारी

दुःखाच्या घरी गेल्यावर बोलावयाच्या वाक्यांचा एक ठरीव साठा मराठीत आहे. ‘आपल्या हातात काय आहे?’, ‘चांगली माणसे देवालाही हवी असतात’, ‘आता मन घट्ट करा’. आम्हां ख्रिस्ती मंडळींत त्यात आणखी काहींची भर पडते: ‘प्रभूची इच्छा’, ‘तो अधिक चांगल्या ठिकाणी आहे’, ‘रडू नका, आपल्याला आशा आहे’. ही वाक्ये बोलणारी माणसे वाईट नसतात. दारात उभे राहिल्यावर जीभ जड होते, शांतता सोसवत नाही, आणि माणूस हाताला येईल ते वाक्य उचलतो. प्रश्न बोलणाऱ्याच्या हेतूचा नाहीच. ते वाक्य ज्याच्या पदरात पडते, त्याने त्याचे काय करावे, हा आहे.

2011 साली पावसाळ्याच्या अखेरीस आमचा 11 वर्षांचा मुलगा तापाने सहा दिवसांत गेला. आम्ही उभयता महाविद्यालयात मराठी शिकवतो. शब्दांवरच आमचे पोट आणि शब्दांवरच आमची भिस्त. त्या दिवसांत मात्र शब्दांचीच धास्ती वाटू लागली. ‘बागेतले उत्तम फूल माळी आधी खुडतो,’ असे एका सद्गृहस्थांनी आम्हांला सांगितले. त्यांना आमच्या मुलाचे कौतुक करावयाचे होते. आमच्या कानी मात्र ते माळ्याविषयीचे विधान म्हणून पडले, आणि अशा माळ्यापुढे गुडघे कसे टेकावेत, हे आम्हांला कळेना.

बायबलातले ईयोबाचे पुस्तक आम्ही पुढे पुनःपुन्हा वाचले ते याच कारणाने. ईयोबाची सात मुलगे आणि तीन मुली अशी दहाही अपत्ये एका दिवसात जातात. एलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र दुरून त्याला भेटावयास येतात आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. कोणी एक अक्षर बोलत नाही. त्या तिघांच्या हातून घडलेले सर्वांत चांगले काम तेवढेच. पुढे ईयोब तोंड उघडतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, आणि मित्रांना राहवत नाही. ते देवाची बाजू मांडू लागतात. तुझे काही चुकले असेल, देव अन्याय करील कसा, असा युक्तिवाद अध्यायामागून अध्याय चालतो. आणि शेवटी देव काय म्हणतो? त्याचा कोप होतो तो या वकिलांवर! माझ्याविषयी योग्य बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे, असा त्याचा निर्वाळा आहे. वाद घालणारा, जाब विचारणारा ईयोब देवाला चालतो. देवाची परस्पर वकिली करणारे चालत नाहीत. शोकाच्या घरी निघालेल्या प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवावा, असे आम्हांला वाटते.

योहानाच्या शुभवर्तमानातील लाजराची कथा याच्या शेजारी ठेवून पाहावी. लाजर मरून चार दिवस झाले आहेत. येशू बेथानीस उशिरा पोहोचतो. मार्था आणि मरिया या बहिणी त्याला वेगवेगळ्या भेटतात आणि दोघी एकच तक्रार करतात: तू इथे असतास तर आमचा भाऊ गेला नसता. तक्रार एकच, पण मिळणारी उत्तरे दोन. मार्थेशी येशू पुनरुत्थानाविषयी बोलतो. मरिया पायाशी कोसळून रडते, तेव्हा तो कसलीही शिकवण देत नाही; कबर कुठे आहे एवढे विचारतो, आणि रडतो. विशेष हे, की थोड्याच वेळात आपण लाजराला हाक मारणार, हे त्याला ठाऊक आहे. शेवट ठाऊक असूनही तो रडतो. म्हणजे आशा आणि अश्रू यांचे वैर नाही. पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातला उपदेश ‘रडू नका’ या अर्थाने पुष्कळदा सांगितला जातो. पण आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, एवढेच तो म्हणतो. शोक करूच नका, असे तो म्हणत नाही. रोमकरांना तर रडणाऱ्यांबरोबर रडा, असेच सांगतो.

याच योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपल्या शिष्यांना आपण गेल्यावर येणाऱ्या पवित्र आत्म्याविषयी सांगतो. मूळ ग्रीक शब्द आहे ‘पाराक्लेतोस’, म्हणजे हाकेसरशी जवळ येऊन उभा राहणारा. जुन्या इंग्रजी भाषांतराने त्याला ‘सांत्वन करणारा’ म्हटले. मराठी बायबलात शब्द आहे ‘कैवारी’. भाषेचे अध्यापक म्हणून आम्हांला या निवडीचे मोठे अप्रूप वाटते. सांत्वन लांबूनही करता येते, पत्राने करता येते. कैवार घ्यावयाचा तर आपली जागा सोडून दुसऱ्याच्या बाजूला जाऊन उभे राहावे लागते. ईयोबाच्या मित्रांनी कैवार घेतला, पण तो देवाचा. आणि देवाला त्याची गरज नव्हती. कैवाऱ्याची गरज राखेत बसलेल्या माणसाला होती.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात या शब्दाचा अर्थ आम्हांला स्पष्ट दिसतो. वयाची 24 वर्षे पुरी होण्याआधीच आईवडील, बहीण, भाऊ आणि पती हे सारे त्यांनी गमावले होते. आईवडील तर दुष्काळातल्या उपासमारीत. 1896-97च्या दुष्काळात याच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलीबायकांना घेऊन केडगावी आल्या. ज्यांचे सर्वस्व गेले होते त्यांना तिथे अन्न, वस्त्र, निवारा, अक्षरे आणि हाताला काम मिळाले. 1921 साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या. मधल्या काळात बायबलाच्या सोप्या मराठी भाषांतराचे त्यांचे काम चालूच होते.

आमचा कैवार घेणारी व्यक्ती आमच्याच मंडळीतली एक निवृत्त परिचारिका. सारे त्यांना मावशी म्हणत. सांत्वनाची भक्ती झाली, पाळकसाहेब प्रार्थना करून गेले, पाहुणे पांगले, आणि त्यानंतर मावशी येऊ लागल्या. दिवेलागणीला येत, भात टाकीत, आम्ही जेवेपर्यंत बसत. एकदा आम्ही विचारले, “मावशी, देवाने हे का केले असेल?” त्या म्हणाल्या, “मला नाही माहीत, बाळांनो. मीही त्याला विचारते आहे.” आमच्या श्रद्धेला तगून राहावयास त्या उत्तराइतके बळ दुसऱ्या कशाने दिले असेल, असे वाटत नाही. पुढे कित्येक महिन्यांनी त्यांनी पुनरुत्थानाचा अध्याय वाचून दाखवला. तेव्हा तो आम्हांला ऐकू आला.

तेव्हा, वाचकहो, अशा घरी जाण्याचा प्रसंग आला तर उत्तर घेऊन जाण्याची काळजी करू नये. गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे; घरच्यांना ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावयाचे असते. ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणण्यापेक्षा डबा घेऊन जावे, कारण सांगण्याचे त्राण त्यांच्यात नसते. प्रार्थना त्यांना हवी असेल तर करावी, आणि थोडक्यात करावी. तेराव्या दिवशी, महिन्याने, पहिल्या नाताळाला, गेलेल्याच्या वाढदिवसाला पुन्हा जावे. गर्दी तोवर ओसरलेली असते. रडू आले तर लपवू नये. बेथानीत ते कोणी लपवले नव्हते.