मुंब्रा ते सीएसएमटी : लेकीसोबत चार दिवस

थोरलीला सीएसएमटीजवळच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, त्या दिवशी घरात मिठाई आली आणि त्याच रात्री वादही झाला. सासूबाईंचं म्हणणं एकच होतं, "इतक्या लांब रोज अकेली जाणार?" त्यांना शिक्षणाचं वावडं नाही. माझी नोकरी चालू राहिली ती त्यांनी मुलं सांभाळली म्हणून. पण त्या स्वतः लोकलमध्ये कधी एकट्या चढलेल्या नाहीत. मुलीचे अब्बा काहीच बोलले नाहीत. आमच्या घरात याचा अर्थ निम्मा नकार असा होतो.

शेवटी मी म्हटलं, पहिले चार दिवस मी सोबत जाते, शाळेतून रजा घेते. मग ठरवा.

मुंब्रा ते सीएसएमटी साधारण चाळीस किलोमीटर आहे, धीम्या गाडीने सव्वा तास. यातला ठाण्यापासूनचा मार्ग म्हणजे देशातली पहिली प्रवासी गाडी ज्यावरून धावली तो, १६ एप्रिल १८५३ चा. हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. मुलं तारीख पाठ करतात आणि विसरतात. त्यांच्या आया-बहिणी त्याच मार्गाने रोज कामाला जातात, त्याकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं.

पहिल्या दिवशी सकाळी सव्वासातला आम्ही पुलाच्या जिन्यावर होतो. घरी बसून काळजी करणाऱ्याला वाटतं की भीती गाडीत असते. खरं तर बाईला सगळ्यात जास्त जपावं लागतं ते जिन्यावर. वरून उतरणारा लोंढा, खालून चढणारा लोंढा, आणि त्यात कुणाचा हात कुठे लागला हे वळून पाहीपर्यंत तो माणूस दहा पायऱ्या पुढे गेलेला. मी लेकीला सांगत गेले : बॅग पाठीवर नको, पुढे घे. फाईल छातीशी धर. कोपर थोडं बाहेर ठेव. कठड्याच्या बाजूने चाल. सांगता सांगता लक्षात आलं की हे मला कुणीच शिकवलं नव्हतं. वीस-पंचवीस वर्षांत माझ्या अंगानेच ते शिकून घेतलं आणि आता मी ते दागिन्यांसारखं पुढच्या पिढीच्या हवाली करत होते. ते मला आवडलं नाही, पण सांगितलं सगळं.

आपल्याकडे असंही म्हणतात की बुरखा-हिजाबातल्या बाईच्या वाटेला कुणी जात नाही. मी दोन्ही प्रकारे प्रवास केला आहे. गर्दीतला तो हात कपडे बघत नाही.

लेडीज डब्यात शिरलं की जरा श्वास सुटतो. हा डबा म्हणजे रेल्वेची मेहरबानी नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम ५८ मध्ये प्रवासी गाडीत स्त्रियांसाठी डबा किंवा जागा राखून ठेवायला सांगितलं आहे. कलम १६२ मध्ये तिथे घुसणाऱ्या पुरुषाला दंड ठेवला, मूळ कायद्यात पाचशे रुपयांपर्यंत, वर तिकीट-पासही जप्त. आईसोबतचा बारा वर्षांखालचा मुलगा चालतो. पश्चिम रेल्वेने तर ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली अशी अख्खी महिला विशेष लोकलच सुरू केली.

पण कायद्याची कलमं डबा चालवत नाहीत, डबा चालवतात बायका. "तुम्हाला कुठं उतरायचं?" या प्रश्नावर तिथला सगळा कारभार आहे. घाटकोपरला उतरणारीने आपली जागा कुणाला द्यायची हे ठाण्यालाच ठरलेलं असतं. तिघींच्या बाकावर चौथी टेकते आणि मग दर दोन-चार स्टेशनांनी आलटून पालटून उभं राहायचं. संध्याकाळच्या गाडीत मेथी निवडून होते, पिना-क्लिपा विकणारी येते, भांडणंही होतात, आणि ती साधीसुधी नसतात. रमजानमध्ये मगरिबच्या वेळी गाडीतच असले तर खजूर आणि पाण्याची बाटली माझ्या हातात पहिल्यांदा येते ती बहुतेक शेजारच्या हिंदू बाईकडून. हेही खरं की काही वेळा माझा हिजाब पाहून एखादी पदर सावरून जरा सरकून बसते. दोन्ही त्याच डब्यात घडतं.

दुसऱ्या दिवशी परतताना दुपार होती आणि डबा निम्मा रिकामा. लेक म्हणाली, "अम्मी, असा रिकामा डबा बरा ना? धक्काबुक्की नाही." तेव्हा मी तिला ती गोष्ट सांगितली, जी आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

मी बीएड करत होते. दुपारची गाडी, डब्यात मी एकटी. गाडी सुटता सुटता एक माणूस चढला आणि दारातच उभा राहिला. मी म्हटलं, हा लेडीज डबा आहे. तो हसला आणि समोर येऊन बसला. नंतर शेजारी सरकला. काय बोलला ते लिहीत नाही. वर साखळी होती, मला ती आठवलीच नाही. जाळीपलीकडच्या डब्यात पुरुष बसलेले होते, त्यांच्यापैकी एकाने पाहिलं आणि मान फिरवली. पुढचं स्टेशन यायला किती मिनिटं लागली असतील? तीन, फार तर चार. तिथे रिकामी पाटी घेतलेली एक कोळीण चढली. तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि अशा काही शिव्या घातल्या की तो चालू गाडीतून उतरला.

ती मला हाताला धरून एका स्टेशनवरच्या पोलीस चौकीत घेऊन गेली. तिथला शिपाई म्हणाला, "काही चोरलं का? मग तक्रार कशाची? आणि ते स्टेशन आमच्याकडे येत नाही." मी घरी आले, हातपाय धुतले, नमाज पढले आणि गप्प राहिले. सांगितलं असतं तर बीएड तिथेच थांबलं असतं, याची मला खात्री होती. आजही आहे. त्या माणसापेक्षा मला अब्बांच्या काळजीची भीती जास्त वाटली होती.

लेक बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे मीपण नाही सांगायचं?"

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. माहिती मात्र होती, ती दिली. २०१३ च्या दुरुस्तीनंतर पाठलाग करणं हा वेगळा गुन्हा झाला. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आहे, लैंगिक छळ ७५ मध्ये. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावी लागते. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. 'आमच्याकडे येत नाही' हे उत्तर आता चालत नाही. १३९ हा रेल्वेचा आणि १५१२ हा लोहमार्ग पोलिसांचा क्रमांक तिच्या फोनमध्ये तिथेच घालून दिला.

तिसऱ्या दिवशी धाकटाही हट्टाने सोबत आला. सतरा वर्षांचा आहे, नुकती दाढी फुटली आहे आणि तिचा त्याला अभिमान आहे. तो फलाटावर बहिणीची बॅग धरून लेडीज डब्याच्या खुणेपाशी उभा होता. एक बाई त्याच्याकडे बघून दोन पावलं मागे सरली आणि तिने पर्स घट्ट धरली. त्याने ते पाहिलं, मीही पाहिलं. त्या बाईचा मला राग आला नाही. मी तिच्या जागी अनेकदा उभी राहिले आहे. पण माझा मुलगा दिवसभर बोलला नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं मुंबईतल्या स्त्रियांवरचं 'व्हाय लॉयटर' हे इंग्रजी पुस्तक २०११ साली आलं. बायकांच्या सुरक्षिततेचं नाव घेऊन गरीब आणि मुसलमान पुरुषांनाच कसं धोका ठरवलं जातं, हे त्यात मांडलेलं आहे. वाचलं तेव्हा पटलं होतं, फलाटावर लागलं. त्याला मी एवढंच म्हटलं की, सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, बायकांना त्यानंतर. तो म्हणाला, "पण मी बघतच नव्हतो." खरंच बघत नव्हता.

चौथ्या दिवशी सीएसएमटीला वेळेआधी पोहोचलो. मी म्हटलं, चल, चहा पिऊ. बाकड्यावर बसलो. इतकी वर्षं या स्टेशनवर येते आहे, पण काही काम नसताना इथे कधी बसल्याचं आठवत नाही. आजूबाजूला पुरुष पेपर वाचत होते, पाय पसरून डुलक्या काढत होते. बायका सगळ्या चालत होत्या. दहा मिनिटांनी लेकच अस्वस्थ झाली, "अम्मी, लोक बघतायत, उठूया का?" मी म्हटलं, चहा संपू दे.

पाचव्या दिवसापासून ती एकटी जाऊ लागली. सासूबाई सज्जात उभ्या राहून आयतुल कुर्सी पढून तिच्या दिशेने फुंकर घालतात. ती गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली तरी काही वेळ तिथेच असतात.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री जेवताना तिने सांगितलं. पुलाच्या जिन्यावर एकाने हात लावला. ती ओरडली, दोन बायकांनी त्याला धरलं, पण तो निसटला. ताटावर कुणाचाच हात हलेना. सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या, जणू हे मीच केलं होतं. मुलीच्या अब्बांनी बऱ्याच वेळाने विचारलं, "कुठला जिना?" तिने सांगितलं. मग विचारलं, "तक्रार दिलीस?" ती म्हणाली, "दिली. अर्धा तास बसवलं, पण लिहून घेतली."

त्यानंतर आठवडाभर ते तिला फलाटापर्यंत सोडायला गेले. मग त्यांची ड्यूटी बदलली. आता ती दुसऱ्या टोकाच्या जिन्याने जाते. तिकडे गर्दी कमी असते, पण चालणं वाढतं. आतापर्यंत दोनदा तिची गाडी चुकली आहे.