जतचा माळ, सायकल आणि पिशवीतलं सामान

गुहागरहून निघालेला महामार्ग जतवरून विजयपूरला जातो. 1656 साली वारलेला मुहंमद आदिलशाह तिथल्या गोल घुमटात विसावला आहे. तो घुमट सायकलवर जाऊन पाहायचा, असं आम्ही कितीतरी दिवस म्हणत होतो. आम्ही म्हणजे एकाच शाळेतले दोन मास्तर आणि आमचा नववीतला मुलगा. आधी सराव हवा म्हणून मार्चमधल्या एका रविवारी फजरची नमाज पढून माडग्याळच्या दिशेनं निघालो.

जत म्हणजे डफळ्यांचं संस्थान. 1948 मध्ये ते विलीन झालं. गाव सोडलं की उघडा माळ, मधेच डाळिंबाची बाग आणि माडग्याळ जातीची उंच मेंढरं. सावली म्हणाल तर बाभळीची, आणि तिचा काटा थेट टायरमध्ये.

तसंच झालं. मुलाचं मागचं चाक बसलं. आमच्याकडे जास्तीची ट्यूब होती आणि पंपही होता, पण पंप आमच्या जाड व्हॉल्व्हचा. मुलाची सायकल रोडची, तिचा व्हॉल्व्ह बारीक. पंप लागेचना. सायकल ढकलत चालायला लागलो. नऊ वाजून गेले, ऊन चढलं. तिघांत मिळून दोन बाटल्या पाणी आणलं होतं, तेही संपलं. थोड्या वेळानं मुलगा गप्प झाला, चेहरा लाल झाला आणि तो रस्त्याच्या कडेला खालीच बसला. त्या घटकेला आम्हाला आपल्या शहाणपणाची लाज वाटली.

माळावर एक म्हातारे धनगर मेंढरं चारत होते. त्यांना मराठी फारशी येत नव्हती. या बाजूच्या बऱ्याच गावांत कानडीच बोलतात. आम्हाला एकच शब्द आठवला, 'नीरु'. त्यांनी पाणी तर दिलंच, वर डब्यातलं ताकही दिलं. मुलाला सावलीत आडवं केलं, मानेवर ओला रुमाल ठेवला. अर्ध्या तासानं तो उठून बसला. अल्हम्दुलिल्लाह. मग एका टेम्पोत सायकली टाकून घरी आलो.

त्या दिवसापासून आमची पिशवी अशी भरते. प्रत्येकाच्या सायकलला तिच्याच मापाची एक जास्तीची ट्यूब. माप टायरच्या बाजूला छापलेलं असतं. दोन्ही व्हॉल्व्हना चालणारा पंप, आणि तो घरी एकदा लावून पाहिलेला. टायर काढायच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या, पंक्चरच्या चकत्या, सोल्यूशन, घासायला पॉलिश पेपर. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हळूच बोट फिरवावं, नाहीतर आत राहिलेला काटा तीही फोडतो. सोल्यूशन लावलं की लगेच चकती चिकटवू नये, थोडं सुकू द्यावं. एलन चाव्यांचा जुडगा आणि मागे लाल दिवा असावाच.

पाणी उन्हात माणशी तासाला अर्धा ते एक लिटर धरावं. सोबत ओआरएसची पुडी. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मूठभर खजूर, सुती रुमाल, थोडे सुटे पैसे, आणि खिशातल्या कागदावर नाव व घरचा फोन नंबर. मोबाईल बंद पडला तरी कागद बोलतो.

शेवटची गोष्ट पिशवीत मावत नाही: ज्या गावातून जायचं, तिथल्या भाषेतले चार शब्द. आम्ही उर्दू-मराठी शिकवणारी माणसं. उंबऱ्यापाशीच असलेली कानडी मात्र कधी शिकलो नव्हतो. आता मुलगा वर्गातल्या मित्राकडून शिकतोय.

गोल घुमट अजून पाहायचा राहिलाय. थंडी पडली की निघू, इन्शाअल्लाह. पण त्याआधी माडग्याळच्या वाटेवर एक चक्कर मारायची आहे. त्या बाबांसाठी खजुराचं एक पाकीट मुलानं आत्ताच वेगळं काढून ठेवलंय.