टोनआर्ममधली घरघर

रविवार. टर्नटेबलवर भीमसेन जोशींची तबकडी लावली, तर आलापामागे सतत घुंऽऽ असा आवाज. टोनआर्मला बोट लावलं की तो बदलायचा. म्हणजे संशय अर्थिंगवरच. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट निघतात आणि फोनो प्रीअँप ते सुमारे १०० पट वाढवतो. त्यात घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर शिरली, तर तीही मोठी होते. प्लग काढून मीटर लावला : टोनआर्मची नळी आणि अर्थिंगची वायर यांच्यात जोडच नव्हता. तळाशी सुटलेली बारीक तार डाख देऊन जोडली आणि घरघर थांबली. दोन स्वरांमधली शांतता हाही गाण्याचाच भाग, आणि तो आता पूर्ण ऐकू येतो. तुमचंही टर्नटेबल घुमत असेल, तर नवी कार्ट्रिज घेण्याआधी अर्थिंग तपासा.