आत्याबाईंची माडी

पुण्यांतील आमच्या जुन्या वाड्यांत आत्याबाईंची खोली वरच्या माडीवर, पत्र्याखालीं आहे. "दुपारीं जीव घुसमटतो," ही त्यांची तक्रार आम्ही दोन वर्षें ऐकत होतों. आणि 'वय झालें कीं उकाडा सोसत नाहीं' असें म्हणून ती बाजूस सारीत होतों.

गेल्या चैत्रांत माझा पुतण्या सुटीवर आला. इमारतींतील वारा व उष्णता यांचें गणित संगणकावर मांडणें हा त्याचा अभ्यास. ही विद्या कांहीं कालची नव्हे. खोलींतील हवेचें असें गणित डेन्मार्कमध्यें पीटर नील्सेन यांनीं १९७४ सालीं आपल्या प्रबंधांत मांडलें होतें. तिची रीत अशी: खोलीच्या पोकळीचे हजारों, कधीं लाखों, लहान भाग कल्पावयाचे. प्रत्येक भागांत जितकी हवा शिरते तितकी बाहेर पडली पाहिजे, आणि उष्णतेचाही जमाखर्च जुळला पाहिजे. सर्व भागांचा मेळ बसेपर्यंत हा हिशेब पुन्हा पुन्हा करावयाचा.

पुतण्यानें वाड्याचा जुना नकाशा घेऊन आकडेमोड केली. चित्र उमटलें: हवा खिडकींतून येते, आणि तापून हलकी झाली म्हणजे पत्र्याजवळच्या झरोक्यांतून निघून जाते. खोली सुसह्य! आम्हां मंडळींना, खरें सांगावयाचें तर, आनंदच झाला. शास्त्रानेंही आत्याबाईंना खोटें ठरविलें होतें.

त्या एवढेंच म्हणाल्या, "बाळ, दुपारीं तीन वाजतां माझ्याजवळ येऊन बैस."

तो बसला. घटकाभरानें घामानें निथळत खालीं आला व विचारूं लागला, "काका, झरोक्याला फळी कोणीं मारली?"

मीच मारविली होती. कबुतरांच्या त्रासामुळें, दोन वर्षांपूर्वीं. नकाशांत ती फळी नव्हती. वरून निघून जाण्यास वाट नसल्यावर खिडकींतून तरी हवा कितीशी येणार? झरोका बंद धरून पुन्हा गणित केलें, तेव्हां पत्र्याखालीं साचलेली उष्णता तांबड्या रंगांत थेट पलंगापर्यंत उतरलेली दिसली.

त्याच संध्याकाळीं फळी काढून जाळी बसविली. पत्रा तापावयाचा तो तापतोच. परंतु आतां दुपारीं खोलींत बसवतें.

पुतण्याचें गणित चुकलें नव्हतें. त्याला आम्हीं पुरविलेली माहिती चुकीची होती. खरी माहिती मात्र दोन वर्षें घरांतलेंच वडील माणूस सांगत होतें. जिना चढून घटकाभर त्यांच्याजवळ बसण्याची तसदी मीं घेतली नाहीं, हें मनाला अजून लागून राहिलें आहे.