उलट-सुलट चालणारा पाना आणि अठरा वर्षांचा विक्रेता

१/
गॅरेजात काम चालू असताना येणारा ‘कट-कट-कट’ आवाज आपण सर्वांनी ऐकला आहे. मेकॅनिकचा हात नट आवळत पुढे जातो तेव्हा तो आवाज नसतो. हात मोकळा मागे येतो तेव्हा असतो. आजचा धागा त्या आवाजाविषयी, म्हणजे दोन्ही दिशांना चालणाऱ्या रॅचेट पान्याविषयी आहे. त्यात एक ग्रीक धनुष्य आहे, थोडा अंकगणिताचा भाग आहे आणि वीस वर्षे चाललेला एक खटला आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रथम मूळ तत्त्व. एक दातेरी चक्र आणि त्याच्या दातांत अडकणारी एक खिट्टी. खिट्टीच्या पाठीशी स्प्रिंग असते. चक्र एका बाजूला फिरले की खिट्टी दातांवरून घसरत, उड्या मारत जाते. हाच तो आवाज. चक्र उलट फिरू लागले की खिट्टी दातात रुतते आणि हालचाल थांबते. एका दिशेला होकार, दुसऱ्या दिशेला नकार. यंत्रविद्येतील इतकी साधी आणि इतकी दीर्घायुषी कल्पना क्वचितच सापडेल.

३/
माझे काका ट्रक दुरुस्तीचे काम करीत. ते या खिट्टीला ‘कुत्रा’ म्हणत. लहानपणी मला तो त्यांचा विनोद वाटे. पुढे कळले की सायकलच्या फ्रीव्हीलमधील खिट्ट्यांनाही कारागीर हेच नाव देतात आणि पंजाबातील जुन्या रहाटावर, बैल थांबल्यावर चाक उलटे फिरू नये म्हणून बसवलेल्या खिट्टीलाही ‘कुत्ता’च म्हणत. परक्याला अडवणारा आणि घरच्याला जाऊ देणारा, असे ते नाव अत्यंत समर्पक आहे.

४/
ही कल्पना किती जुनी? ग्रीकांकडे ‘गॅस्ट्राफेटीस’ नावाचे एक आडवे धनुष्य होते. सैनिक ते पोटाला टेकवून, अंगाचा भार देऊन ताणीत असे. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने त्याचे वर्णन केले आहे. त्यातील सरकपट्टीच्या कडेला दातेरी पट्ट्या आणि खिट्ट्या होत्या. धनुष्य जितके ताणले जाई तितके ते तिथेच अडकून राही. सैनिकाला दम खाता येई. पुढे मोठ्या यंत्रांचे दोर गुंडाळणाऱ्या रहाटांवर आणि घड्याळांच्या किल्ल्यांतही हीच योजना आली.

५/
इथे थोडे थांबू, कारण माझ्या मते या इतिहासातील खरे वळण इथे आहे. धनुष्य, रहाट, घड्याळ या सर्वांत खिट्टी भार राखते. ती सुटली तर दोर सुटेल, चाक उलटे धावेल, माणूस जखमी होईल. तिथे उलट दिशा म्हणजे अपघात. पण नट-बोल्टच्या जगात उलट दिशा हे निम्मे काम आहे. जे आवळले ते कधीतरी सोडवावेच लागते. म्हणून हातातील हत्याराला अशी खिट्टी हवी होती, जी नकार देईल, परंतु कोणत्या दिशेला नकार द्यायचा हे माणसाच्या अंगठ्याला विचारील.

६/
गरज कुठून निर्माण झाली हे समजण्यासाठी साधा फिक्स पाना घ्या. षट्कोनी नटवर तो एकदा बसवून फिरवला की पुन्हा पकड घेण्यासाठी ६० अंशांची मोकळी जागा लागते. म्हणून या पान्याचे तोंड दांड्याशी साधारण १५ अंश तिरपे ठेवतात. पाना पालथा करून लावला की ३० अंशांत भागते. ही युक्ती सुंदर आहे, पण प्रत्येक खेपेला पाना काढा, पालथा करा, पुन्हा लावा. इंजिनाच्या खाली आडवे पडून, अंधारात, तेलाने बरबटलेल्या हाताने हे करून पाहावे.

७/
१६ जून १८६३. अमेरिकेत यादवी युद्ध ऐन भरात आहे. त्या दिवशी व्हरमाँट राज्यातील वुडस्टॉकच्या जे. जे. रिचर्डसन यांना पेटंट क्रमांक ३८,९१४ मिळाले. त्यांच्या पान्यात रॅचेट होते आणि त्याला निरनिराळ्या मापांच्या सॉकेटी, म्हणजे आपल्या गॅरेजांतल्या ‘गोट्या’, बदलून लावता येत. पुढच्या वर्षी ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या १६ एप्रिलच्या अंकात त्याचे चित्र आले. आता पाना नटवरून उचलायचे कारण उरले नाही. हात मागे घ्यावा, पुन्हा पुढे न्यावा. नट आपल्या जागी, पाना आपल्या जागी.

८/
आता अंकगणित. चक्राला २४ दात असतील तर एका दातासाठी १५ अंश फिरावे लागते. दांडा २५ सेंटीमीटरचा धरला तर त्याचे टोक सुमारे साडेसहा सेंटीमीटर हलवावे लागेल. ७२ दात असतील तर ५ अंश, म्हणजे सव्वादोन सेंटीमीटरांहूनही थोडे कमी. माझ्याकडील रॅचेट उघडून मी दात मोजले, ते ७२ भरले. दोन बोटांच्या फटीत काम करता येणे हा चैनीचा भाग नव्हे. इंजिनाभोवतीची जागा आक्रसत गेली, तसतसे या आकड्याचे मोल वाढले.

९/
मग दात वाढवतच का नेत नाहीत? कारण चक्राचा घेर तेवढाच राहतो. दात वाढले की प्रत्येक दात बारीक आणि उथळ होतो. जोर सगळा त्या दातांवर येतो. दात घसरला तर पाना निसटतो आणि बोटांची पेरे थेट लोखंडावर आदळतात. म्हणून बारीक दातांच्या रॅचेटमध्ये खिट्टीलाच अनेक दात देतात, जेणेकरून भार वाटला जावा. किंवा दोन खिट्ट्या अर्ध्या दाताच्या अंतराने ठेवतात. एक रुतलेली असताना दुसरी अर्ध्या वाटेवर असते आणि दात न वाढवता पाऊल निम्मे होते.

१०/
आणि उलट दिशा? जुन्या एकदिशी चक्राचे दात करवतीसारखे असतात. एक बाजू उतरती, दुसरी उभी. दोन्ही दिशांना चालायचे तर दात दोन्हीकडून सारखेच हवेत. पण दोन्ही बाजू उतरत्या असतील तर खिट्टी रुतणार कशी? उत्तर डोक्याच्या आतील खोबणीत आहे. चक्र एका दिशेला ओढू लागले की खिट्टी खोबणीच्या अरुंद भागात ओढली जाते आणि पाचरीसारखी घट्ट होते. जोर जितका अधिक तितकी पकड पक्की. विरुद्ध दिशेला तेच चक्र तिला बाहेर ढकलते. पाठीवरची छोटी कळ फिरवली की खिट्टी खोबणीच्या दुसऱ्या टोकाला झुकते आणि सारा न्याय उलटा होतो.

११/
मोटारींचे युग आले तसे हे हत्यार कारखान्यातून रस्त्यावर आले. १९२० मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे जोसेफ जॉन्सन आणि विल्यम साइडमन यांनी एक हिशेब मांडला. पाच दांडे आणि दहा सॉकेटी, परस्परांत बदलता येतील अशा. पाच गुणिले दहा, म्हणजे पन्नास पाने. याच संचातून ‘स्नॅप-ऑन’ कंपनी उभी राहिली. मेकॅनिकची पेटी हलकी झाली ती या गुणाकारामुळे.

१२/
याची एक खूण आजही आपल्या हातात आहे. आपल्याकडील गोट्यांवर १०, १२, १४ असे मिलिमीटरचे आकडे असतात. परंतु गोटी ज्या चौकोनी टोकावर बसते त्याचे माप पाव, तीन-अष्टमांश किंवा अर्धा इंचच असते. भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली. मेट्रिक मापे वापरणाऱ्या देशांतही रॅचेटचा हा चौकोन इंचातच राहिला. एका बाजूला मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला इंच. इतिहास असा मुठीत मावतो.

१३/
आता ज्या चौकोनाची गोष्ट चालली आहे, त्याच्या बाजूवर एक लहान छर्रा असतो. मागे स्प्रिंग. गोटी बसवली की छर्रा तिच्या आतील खळग्यात जातो आणि गोटी पडत नाही. पण पकड सैल ठेवली तर गोटी इंजिनात पडते आणि घट्ट ठेवली तर ग्रीस लागलेल्या हातांनी ती निघत नाही. एका हाताने दांडा, दुसऱ्याने गोटी, आणि तरी ओढाताण. अनेक दशके लाखो लोकांनी ही अडचण ‘असेच असते’ म्हणून सोसली.

१४/
१९६३ मध्ये पीटर रॉबर्ट्स अठरा वर्षांचा होता. शालेय शिक्षण पूर्ण केलेला हा मुलगा मॅसॅच्युसेट्समधील गार्डनर गावी सीअर्स कंपनीच्या दुकानात विक्रेता होता. फावल्या वेळात त्याने रॅचेटच्या डोक्यावर एक बटण बसवले. बटण दाबले की छर्ऱ्याला आत सरकायला जागा मिळते आणि गोटी सुटते. बटण सोडले की छर्रा बाहेर पक्का राहतो. एका हाताचे काम. त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६४ मध्ये नमुना आपल्या दुकानाच्या व्यवस्थापकाला दाखवला. नमुना शिकागोच्या मुख्य कार्यालयात गेला.

१५/
पुढचे सारे न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेले आहे. कंपनीने चाचण्या घेतल्या, मेकॅनिकांना हे हत्यार आवडले. मुलाला मात्र सांगितले गेले की यात नवे फारसे नाही, खप बेताचाच होईल, आणि या सोयीचा खर्च नगामागे ४० ते ५० सेंट येईल. खर्च सुमारे २० सेंटच येणार हे कंपनीला ठाऊक होते. १९६५ मध्ये करार झाला: नगामागे दोन सेंट, आणि तेही कमाल १०,००० डॉलरपर्यंतच.

१६/
दोन सेंटने भागा. पाच लाख नग विकले की मर्यादा संपली. करारानंतर अवघ्या काही दिवसांत कंपनी आठवड्याला ४४,००० नग बनवीत होती. नऊ महिन्यांत पाच लाखांचा टप्पा पार झाला, १०,००० डॉलर दिले गेले आणि सारे हक्क कंपनीचे झाले. पुढे विक्री एक कोटी नव्वद लाखांच्या वर गेली आणि नफा ४ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक. मर्यादा नसती तरी दोन सेंटच्या दराने त्याला त्या विक्रीवर ३ लाख ८० हजारच मिळाले असते. म्हणजे अन्याय मर्यादेत होता, तसा दरातही होता. आणि दोन्हींचे मूळ एकच, की एका बाजूला आकडे माहीत होते आणि दुसऱ्या बाजूला नव्हते.

१७/
डिसेंबर १९६९ मध्ये रॉबर्ट्सने दावा लावला. ज्यूरीने फसवणूक आणि विश्वासभंग मान्य करून दहा लाख डॉलरची भरपाई दिली. १९७८ मध्ये शिकागोच्या अपील न्यायालयाने कंपनीची जबाबदारी कायम ठेवली. पुढे पेटंट त्याच्याकडे परत आले आणि पेटंटभंगाचा दुसरा लढा सुरू झाला. तिथेही ज्यूरी त्याच्या बाजूने गेली; पण १९८३ मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो निकाल रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. अखेर १९८९ मध्ये तडजोड झाली. तोवर त्या मुलाने चाळिशी ओलांडली होती.

१८/
१९८३ चा निकाल का फिरला? प्रश्न असा होता: ही सुधारणा त्या क्षेत्रातील कुशल माणसाला सहज सुचण्याजोगी होती का? असेल तर पेटंट टिकत नाही. ज्यूरीला हा प्रश्न नीट समजावून दिला गेला नव्हता, असे न्यायालयाने म्हटले. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातही ही कसोटी आहे आणि ती आवश्यकही आहे, नाहीतर प्रत्येक स्क्रूवर कोणाची तरी मालकी बसेल.

१९/
तरीही हा खटला वाचताना मला एक गोष्ट खुपते. छर्रा जुना, स्प्रिंग जुनी, बटण जुने. एकत्र पाहिल्यावर ‘यात काय विशेष?’ असे कोणीही म्हणेल. पण रिचर्डसनपासून रॉबर्ट्सपर्यंत शंभर वर्षे गेली. त्या शंभर वर्षांत ज्यांच्याकडे कारखाने होते त्यांची गोटी अडकत नव्हती. ज्यांची अडकत होती त्यांना विचारणारे कोणी नव्हते. सोपेपणा हा शोधाचा दोष ठरवण्यापूर्वी हे अंतरही मोजले पाहिजे.

२०/
आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या गॅरेजच्या पेटीत डोकावून पाहा. दांडा कापून आखूड केलेला पाना, तापवून वाकवलेला रिंग पाना, दोन गोट्या वेल्डिंगने जोडून केलेले अवजार दिसेल. काकांच्या पेटीत असे एक वाकवलेले अवजार होते. एका विशिष्ट गाडीचा, एका विशिष्ट अडचणीतला बोल्ट त्यानेच निघे. ते कोणी केले, केव्हा केले, याची नोंद कुठेही नाही. रॉबर्ट्सची कथा आपल्याला कळते ती त्याने अर्ज केला आणि खटला लढवला म्हणून. इतिहास कागदावर चालतो, आणि कागद बहुधा ग्रीसच्या हातांपासून दूर असतो.

२१/
म्हणून इतिहासाची आवड असणाऱ्या तरुण मित्रांना दोन विनंत्या. ओळखीच्या गॅरेजात असे एखादे घडवलेले हत्यार दिसले तर त्याचे छायाचित्र काढा, करणाऱ्याचे नाव, वर्ष आणि कारण लिहून ठेवा. त्याला विचारून घ्या आणि ते श्रेय त्यालाच द्या. आणि तुम्हाला स्वतःला काही सुचले, तर ते कोणाला दाखवण्यापूर्वी तारखेसह कागदावर उतरवा. समोरच्याने सांगितलेला आकडा मान्य करण्याआधी तो आकडा कुठून आला, हे विचारा. त्यासाठी अठरा वर्षांचे वय पुरेसे आहे.

धागा समाप्त.